मांजराचा जेवणवेळचा हट्ट

घरातील माणसे जेवायला बसली की पाळीव मांजर त्यांच्या पायांत घुटमळते, अंग घासते, ताटावर नजर रोखून बसते, ओरडते, गुडघ्यावर पंजा ठेवते आणि संधी मिळताच टेबलावर उडी मारते. या वर्तनाला जेवणवेळचा हट्ट म्हणता येईल. ही मांजराच्या स्वभावातील खोट नव्हे. बहुतेक वेळा ते वर्तन त्याच घरात शिकलेले असते, म्हणून ते बदलताही येते. मात्र हा बदल मांजराच्या सवयीत जितका घडवावा लागतो, त्याहून अधिक तो जेवणाऱ्यांच्या सवयीत घडवावा लागतो.

वर्तन शिकलेले असले, तरी त्याला शरीराचा आधार असतो. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने लहान प्राण्यांची शिकार करून जगते. एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे स्वतःच्या शिकारीवर जगणारे मांजर दिवसरात्र मिळून १० ते २० वेळा थोडेथोडे खाते. घरात त्याच प्राण्याला सकाळ-संध्याकाळ दोनदाच वाडगा मिळत असेल, तर मधल्या दीर्घ काळात त्याचे लक्ष अन्नाच्या प्रत्येक खुणेकडे जाणे साहजिक आहे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक चपळ असते, आणि पुष्कळ घरांतील रात्रीचे जेवण त्यानंतर थोड्याच वेळात होते. शिवाय गार अन्नापेक्षा ताज्या शिकारीच्या अंगाइतके कोमट अन्न त्याला अधिक ओढ लावते, कारण उष्णतेने वास खुलतो. गोड चव मात्र त्याला कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या जनुकांच्या जोडीपैकी एक जनुक मार्जारकुळात निकामी झाले असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. म्हणून एखादे मांजर गोड पदार्थासाठी मागे लागते, तेव्हा त्याला त्यातील स्निग्धांश, वास किंवा देणाऱ्याचे लक्ष हवे असते.

हट्ट पक्का कसा होतो, याचा पाया ज्या प्रयोगांनी घातला, ते योगायोगाने मांजरांवरच झाले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ली थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून बाहेर अन्न ठेवले. दोरी ओढली किंवा खटका दाबला गेला की पेटीचे दार उघडत असे. प्रथम ही कृती धडपडीत अवचित घडे. मात्र प्रत्येक खेपेनंतर मांजर सुटायला कमी वेळ घेऊ लागले. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून पुढे ‘परिणामाचा नियम’ आकाराला आला: ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती पुन्हा होते. जेवणाच्या टेबलाखाली नेमके हेच घडते. मांजर समोर बसून ताटापासून तोंडापर्यंत जाणाऱ्या हाताबरोबर मान वरखाली करत असते. कोणाला दया येते, दोन बोटांत धरलेला तुकडा टेबलाच्या कडेखालून खाली येतो, आणि ते मूल किंवा वडीलधारे माणूस ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणत हात पुसते. मांजराच्या दृष्टीने मात्र दोरी ओढली गेली आणि दार उघडले.

येथे एक बारकावा विशेष महत्त्वाचा आहे. रोज न चुकता मिळणारे फळ बंद झाले, तर प्राणी तुलनेने लवकर प्रयत्न सोडतो. कधी मिळते आणि कधी नाही अशा अनियमित फळाने जडलेली सवय कितीतरी अधिक चिवट असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘खंडित प्रबलना’चा सविस्तर अभ्यास केला. पाचजणांच्या कुटुंबात चौघे कटाक्षाने काही देत नसतील आणि पाचवा आठवड्यातून एकदा देत असेल, तर चौघांच्या निग्रहाचा उपयोग होत नाही. उलट मांजर अधिक काळ वाट पाहायला शिकते. बहुतेक घरांत मांजर सुधारत नाही असे वाटते, त्याचे कारण हेच असते.

मांजराचा आवाजही या शिकण्याचाच भाग आहे. प्रौढ मांजरे एकमेकांशी फारसे ‘म्याँव’ करत नाहीत. तो आवाज मुख्यतः माणसांसाठी राखलेला असतो. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खाणे मागताना काही मांजरे ज्या गुरगुरीचा वापर करतात तिच्यात रडण्यासारखा उंच स्वर मिसळलेला आढळला. मांजर न पाळलेल्या श्रोत्यांनाही ती गुरगुर साध्या गुरगुरीपेक्षा निकडीची वाटली. तो स्वर लहान बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता असल्यामुळे तो ऐकून मन विरघळणे स्वाभाविक आहे.

उपाय सुरू करण्यापूर्वी भूक खरी आहे का, ते पाहावे. एरवी शांत असलेले मांजर अचानक खाखा करू लागले, तर त्यामागे आजार असू शकतो. उतारवयातील मांजरांत अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिस्राव हे याचे नेहमीचे कारण असून त्यात भरपूर खाऊनही वजन घटते. मधुमेह, आतड्यांतील जंत आणि स्टेरॉइड वर्गातील औषधे यांमुळेही भूक वाढते. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज कमी होते, पण खाण्याची इच्छा वाढते, आणि वजन चढण्याचा हाच काळ असतो. अशा वेळी शिस्त लावण्याआधी पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे हे मांजराप्रती आपले कर्तव्य आहे.

ताटातील तुकडा लहान दिसतो. मांजराच्या मापाने तो लहान नसतो. चार किलो वजनाच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात, आणि वरखाण्याचा वाटा त्यातील दहा टक्क्यांच्या आत राहावा असा पशुवैद्यकातील सर्वमान्य सल्ला आहे. २० ग्रॅम चीजमध्ये सुमारे ८० किलोकॅलरी असतात, म्हणजे एवढ्याशा तुकड्यात दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा निघून जातो. काही पदार्थ तर थेट अपायकारक आहेत. कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातील इतर वनस्पती, कच्च्या असोत वा शिजवलेल्या, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडून रक्तक्षय घडवतात. मसाल्याच्या रश्श्यात भिजलेला मांसाचा तुकडा म्हणूनच निरुपद्रवी नसतो. चॉकलेट, कॉफी, मद्य आणि न भाजलेले आंबवलेले पीठ हेही टाळावे. शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या घशात किंवा आतड्यात रुततात. दूधही बहुतेक प्रौढ मांजरांना पचत नाही.

प्रत्यक्ष उपायाचे मर्म दोन गोष्टींत आहे: टेबलापाशी कधीही काही मिळू नये, आणि दुसरीकडे हमखास मिळावे. यांपैकी पहिलीच गोष्ट पाळली, तर मांजराच्या वाट्याला केवळ नकार येतो; हे अन्याय्य तर आहेच, शिवाय ते फारसे टिकतही नाही. म्हणून कुटुंब जेवायला बसण्यापूर्वी थोडा वेळ खेळून मांजराला दमवावे आणि मग त्याचा नेहमीचा वाटा टेबलापासून दूर, त्याच्या ठरलेल्या जागी द्यावा. पाठलाग, पकड, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा शिकारी प्राण्याचा क्रम असल्यामुळे पुष्कळ मांजरे त्यानंतर आपोआप निवांत होतात. दिवसाचे एकूण खाद्य तेवढेच ठेवून ते चार-पाच वेळांत विभागले, किंवा वेळ लावता येणारे स्वयंचलित भांडे वापरले, तर खाणे माणसाच्या हातातून नव्हे तर भांड्यातून येते असे मांजराच्या मनात ठसते. पंज्याने ढकलल्यावर एकेक दाणा सोडणारी कोड्याची खेळणी तर याहून उपयुक्त ठरतात, कारण त्यांत कुटुंबाचे जेवण होईपर्यंत मांजर गुंतून राहते.

याच्या जोडीला बसण्याची एक पर्यायी जागा शिकवता येते. टेबलापासून काही अंतरावर चटई किंवा स्टूल ठेवावे. मांजर स्वतःहून त्यावर गेले की लगेच त्याच्याच खाद्यातील एक दाणा तेथे ठेवावा. हा सराव जेवणाच्या वेळी नव्हे, तर एरवी दोन-तीन मिनिटांचा करावा आणि मग बसून राहण्याचा काळ हळूहळू वाढवावा. हे जमेपर्यंत जेवताना खोलीचे दार बंद ठेवण्यात काही गैर नाही. दाराआडच्या मांजराजवळ पाणी, वाळूची पेटी आणि मऊ जागा मात्र असावी.

देणे बंद झाल्यावर पहिले काही दिवस हट्ट कमी होण्याऐवजी वाढतो. मांजर मोठ्याने ओरडते, पंजा मारते, पूर्वी कधी न चढलेल्या खुर्चीवर चढते. मानसशास्त्रात हा सवय विझण्याआधीचा उसळा मानला जातो, आणि नेमक्या याच वेळी कंटाळून एक घास दिला, तर मांजर पहिल्यापेक्षा मोठा आवाज शिकते. या काळात त्याच्याकडे पाहणे, त्याच्याशी बोलणे आणि त्याला हाताने दूर सारणेही टाळावे, कारण काही मांजरांना रागावलेले लक्षसुद्धा पुरते. ते टेबलावर चढलेच, तर न बोलता उचलून खाली ठेवावे.

अंगावर पाणी उडवणे, मारणे किंवा दरडावणे यांनी मांजराला मागायचे कसे नाही हे कळत नाही. त्याला फक्त त्या माणसाची भीती बसते. उपाशी ठेवणे तर प्रत्यक्ष धोक्याचे आहे. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस अन्न घेतले नाही, तर यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होऊ शकतो. त्यामुळे वजन कमी करायचे असले, तरी खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने क्रमाक्रमानेच घटवावे.

एखाद्याला आपल्या ताटातील काही मांजराला द्यावेसेच वाटले, तर मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या मांसाचा लहान तुकडा बाजूला काढावा आणि सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर, टेबल पुसून झाल्यानंतर, मांजराच्या स्वतःच्या वाडग्यात टाकावा.