साथीच्या काळातली शुश्रूषा आणि ख्रिस्ती मंडळीची वाढ

इ.स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस याने अँटिओकचा बिशप फेबियस याला एक पत्र पाठवले. पत्राचा मुख्य विषय मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक कडवट वाद हा होता, परंतु ओघात कॉर्नेलियसने आपल्या मंडळीतल्या माणसांची मोजदादही दिली आणि इतिहासकार युसेबियसमुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्या यादीत ४६ वडील (म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू), ७ डीकन (म्हणजे मंडळीची सेवाकार्ये पाहणारे अधिकारी), ७ उपडीकन आणि ४२ सहायक आहेत. भुते काढणारे, वाचक आणि द्वारपाल असे मिळून ५२ जण आहेत. आणि मंडळी ज्यांना पोसते अशा विधवा व गरजू माणसांचा आकडा १,५०० हून अधिक आहे. सम्राट डेशियसच्या छळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजाची ही व्यवस्था होती. रोगमुक्तीच्या चमत्कारांमुळे ख्रिस्ती धर्म वाढला का, या जुन्या प्रश्नाचा विचार करताना मला ही यादी फार मोलाची वाटते, कारण भुते काढणारा आणि भुकेल्याला जेवू घालणारा हे दोघे तीत एकाच संस्थेचे सेवक म्हणून शेजारी शेजारी आले आहेत.

आधी वाढ किती झाली ते पाहू. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र याने मंदिराच्या दारातल्या जन्मतः पांगळ्या माणसाला उभे केल्याची कथा येते आणि त्यानंतर विश्वास ठेवणाऱ्या पुरुषांची संख्या सुमारे पाच हजार झाली असे सांगितले जाते. म्हणजे चमत्कार घडला आणि लोक लोटले, असा थेट संबंध तिथे जोडलेला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी १९९६ मध्ये वेगळे गणित मांडले. इ.स. ४० मध्ये सगळे मिळून एक हजार ख्रिस्ती होते असे धरले आणि दर दहा वर्षांना ४० टक्के वाढ मानली, तर इ.स. १०० मध्ये साडेसात हजार, २०० मध्ये सुमारे २ लाख १८ हजार, २५० मध्ये ११ लाख ७० हजार, ३०० मध्ये ६३ लाख आणि ३५० मध्ये जवळजवळ ३ कोटी ३९ लाख ख्रिस्ती होतात. साम्राज्याची लोकसंख्या त्यांनी ६ कोटी धरली होती. हे आकडे शिरगणतीचे नसून गृहीतकांवर बेतलेले आहेत, हे विसरता येणार नाही. तरीही त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. दहा वर्षांना ४० टक्के म्हणजे वर्षाला साधारण ३.४ टक्के, अर्थात शंभर माणसांच्या मंडळीत वर्षाकाठी तीन-चार जणांची भर. तेव्हा एका दिवसात हजारोंच्या मनःपरिवर्तनाचा उलगडा करण्याची गरज नाही. ही धिमी भर तीनशे वर्षे का थांबली नाही, याचा उलगडा व्हायला हवा.

रोग बरे करण्याचा दावा या मंडळीने कधीच लपवला नाही. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे नव्या करारातील याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये राहणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन म्हणतो की, इतर मांत्रिकांना आणि औषधे देणाऱ्यांना जी भुते हटली नाहीत ती ख्रिस्ती माणसे येशूच्या नावाने काढतात. लियोंचा बिशप आयरिनियस हात ठेवून रोगी बरे केल्याचे लिहितो. पुढे उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने तर रोगमुक्त झालेल्यांकडून लेखी निवेदने घेऊन ती लोकांसमोर वाचण्याचा प्रघात पाडला, आणि त्या शहरात दोन वर्षांच्या आतच अशी सुमारे सत्तर निवेदने जमली.

ऑगस्टिनने स्वतः पाहिलेली एक घटना तपशिलाने दिली आहे. इ.स. ३८८ च्या सुमारास तो कार्थेजमध्ये इनोसेंटियस नावाच्या माजी वकिलाच्या घरी उतरला होता. या गृहस्थाला गुदद्वाराजवळ अनेक भगंदरे झाली होती. शस्त्रक्रिया झाली, अतोनात वेदना झाल्या, पण घड्यांत दडलेले एक भगंदर वैद्यांच्या नजरेतून सुटले. औषधांनी ते बरे करू असे त्यांनी सांगितले, दिवसांमागून दिवस गेले, आणि अखेर पुन्हा शस्त्र चालवण्यावाचून उपाय नाही असे ठरले. आदल्या संध्याकाळी बिशप आणि डीकन नेहमीप्रमाणे भेटीला आले, तेव्हा इनोसेंटियस जमिनीवर कोसळून असा हुंदके देत प्रार्थना करू लागला की ऑगस्टिनला स्वतःची प्रार्थना सुचेना. सकाळी वैद्य आले, हत्यारे मांडली गेली, रुग्णाला पलंगावर नीट निजवले, पट्ट्या सोडल्या. वैद्याने नजरेने शोधले, बोटांनी चाचपले. जखमेच्या जागी घट्ट व्रण होता.

आजचा शल्यविशारद ही हकीकत वाचताना काही गोष्टींची नोंद घेईल. भगंदर आपोआप समूळ बरे होणे दुर्मिळ आहे, परंतु त्याचे बाहेरचे तोंड काही काळ मिटणे आणि वरून सगळे भरून आल्यासारखे दिसणे हे नेहमी आढळते. शिवाय या रुग्णावर आधी शस्त्रक्रिया आणि दीर्घ औषधोपचार झालेले होते. ऑगस्टिनने ही हकीकत जवळजवळ चार दशकांनी लिहिली. आणि त्याचे वर्णन त्या सकाळच्या आनंदापाशी थांबते. ऑगस्टिन प्रामाणिक साक्षीदार होता याबद्दल मला शंका वाटत नाही. त्याने जे पाहिले ते बहुधा तसेच घडले. ईश्वराचा हात त्यात होता की नाही, हे ठरवण्याचे साधन विज्ञानापाशी नाही. मात्र अशा घटना प्रार्थनेविनाही घडू शकतात का, हे ते तपासू शकते.

आणि त्या घडतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात हिवताप घरोघरी होता, आणि त्याचा ताप दिवसाआड किंवा दोन दिवसांआड चढतो व आपोआप उतरतो. माणूस देवाकडे किंवा मांत्रिकाकडे धाव घेतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर उतार पडण्याचीच शक्यता अधिक असते. मेंदू व मज्जातंतूंत कोणतीही इजा नसताना हातपाय लुळे पडणे, वाचा जाणे, झटके येणे हे विकार आजही मज्जाविकारतज्ज्ञांकडे रोज येतात, आणि त्यांतले काही रुग्ण विश्वासाच्या बळावर खरोखर क्षणात उभे राहतात. आश्वासनाने वेदना आणि मळमळ कमी होते, हेही प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

पण हे सारे ख्रिस्ती मंडळीपुरते नव्हते. ग्रीसमधील एपिडॉरस येथे आस्क्लेपियस या वैद्यदेवाच्या आवारात बऱ्या झालेल्यांच्या हकिकती शिलालेखांवर कोरलेल्या होत्या. रुग्ण तिथे रात्री निजत, स्वप्नात देव येई. त्या आवारात मरण आणि प्रसूती या दोन्हींना मनाई होती, असे दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस नोंदवतो. मरणासन्न माणसांसाठी रोमन सिनेटर अँटोनायनस याने एक इमारत बांधली, तीही त्या हद्दीबाहेर. ज्या ठिकाणी कोणाला मरूच देत नाहीत, तिथल्या नोंदींत अपयश दिसणार कसे? चमत्कारांच्या स्पर्धेत ख्रिस्ती मंडळी एकटी नव्हती, म्हणून केवळ चमत्कारांच्या दाव्याने तिच्या वाढीचा उलगडा होत नाही. माझ्या मते खरा फरक ती मरणासन्नांपाशी गेली, इथे पडला.

रोमन साम्राज्यात दोन भीषण साथी आल्या. पहिली इ.स. १६५ च्या सुमारास पूर्वेकडून परतणाऱ्या सैन्याबरोबर पसरली. तिच्यातले काळपट पुरळ वैद्य गेलनने वर्णिले आहेत, आणि साथ आली तेव्हा १६६ मध्ये तो स्वतः रोम सोडून गेला होता. ती देवीची साथ होती असे बरेच जण मानतात, परंतु देवीच्या विषाणूचा डीएनए ज्या सांगाड्यांतून मिळाला त्यांतले सर्वांत जुने सहाव्या-सातव्या शतकातले आहेत, म्हणून खात्रीने बोलता येत नाही. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूपासून इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारास वेगळा झाला असावा, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते. तेव्हा गोवराचा संशयही उरतो. दुसरी साथ २५० च्या आसपास सुरू झाली. कार्थेजचा बिशप सिप्रियन तिची लक्षणे सांगतो : सतत जुलाब, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, घशात फोड, रक्ताळलेले डोळे, काहींचे पाय सडणे, ऐकू येईनासे किंवा दिसेनासे होणे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की, सरकारी धान्यासाठी नोंदलेल्या १४ ते ८० वयाच्या लोकांची एकूण संख्याही पूर्वीच्या ४० ते ७० वयाच्या लोकांइतकी भरत नाही. आणि तोच सांगतो की, आपल्या बांधवांनी जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा केली, तर इतरांनी लक्षणे दिसताच आपल्या माणसांनाही अर्धमेल्या अवस्थेत रस्त्यावर टाकले.

त्या सेवेने माणसे वाचली असतील का? औषध तर कोणापाशीच नव्हते. तीव्र जुलाबांत माणूस रोगजंतूने मरण्याआधी शरीरातले पाणी आणि क्षार गेल्याने मरतो. पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. लहान आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते आणि त्यापाठोपाठ पाणी आत येते, म्हणून पिष्टमय पेजेत मीठ घालून घोट घोट पाजत राहिले तर रुग्ण तरू शकतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून द्यायचे सलाइन पुरेसे नव्हते. त्यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले, आणि जिथे शेकडा तीसपर्यंत रुग्ण दगावत होते तिथे मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. हे पाणी पाजणाऱ्यांना वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नव्हते.

प्राचीन काळी क्षारांचे हे प्रमाण कोणाला ठाऊक नव्हते आणि तेवढा परिणाम साधलाही नसेल. पण जवाची पेज हे तीव्र आजारातले मुख्य पथ्य म्हणून हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत सविस्तर सांगितलेले आहे, आणि ते गेलनलाही चांगले ठाऊक होते. ज्ञान होते, जव होते, विहिरीत पाणी होते. ते रुग्णाच्या ओठांपर्यंत नेणारा माणूस पळून गेला होता. मंडळीने तो माणूस दिला, आणि तो एकटादुकटा नव्हता, तर डीकनांच्या देखरेखीखाली, नावनिशीवार यादी हाताशी असलेला होता.

स्टार्क यांनी सेवेविना ३० टक्के आणि सेवेने १० टक्के मृत्यू असे गृहीत धरले. एखाद्या वस्तीत १०० ख्रिस्ती आणि ९०० इतर असतील, तर या हिशेबाने साथीनंतर ९० आणि ६३० उरतात. म्हणजे एकही माणूस धर्म न बदलता प्रमाण नवांस एकवरून सातांस एकवर येते. त्यातही आपली सगळी माणसे गमावलेल्या बिगरख्रिस्ती माणसाभोवती जे शेजारी उरतात त्यांत ख्रिस्ती अधिक असतात. सिप्रियनने तर फक्त आपल्याच माणसांवर उपकार करण्यात विशेष काही नाही, असे सांगून परक्यांची सेवा करायला लावले, असे त्याच्या चरित्रात म्हटले आहे. ज्याला घरच्यांनी टाकले आणि अनोळखी हातांनी पाणी पाजले, तो बरा झाल्यावर कोणाकडे जाईल?

आणखी एक गोष्ट बघणाऱ्यांना चमत्कारासारखीच दिसली असणार. एकदा आजारातून उठलेला माणूस पुन्हा त्या रोगाने मरत नाही, हे इ.स.पू. ४३० च्या अथेन्समधील साथीबद्दल ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवले आहे. असे बरे झालेले सेवक मरणाऱ्यांच्या खाटांमधून निर्धास्त फिरत असताना, प्रतिकारशक्तीची कल्पना नसलेल्या लोकांनी त्याचे श्रेय त्यांच्या देवाला दिले असेल, तर त्यात त्यांची चूक नव्हती.

या मांडणीला मर्यादा आहेत. शुश्रूषेची वर्णने ख्रिस्ती बिशपांच्याच लेखणीतली आहेत, आणि डायोनिसियसच्या पत्रात थ्युसिडिडीजचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. ज्यू समाजात आपल्या गरिबांना सांभाळण्याची परंपरा आधीपासून होती, आणि रोमन सैन्याच्या छावण्यांत रुग्णालयेही होती. मुख्य म्हणजे सेवा करणाऱ्याला लागण होते. दुसरी साथ रक्तस्रावी तापाची असावी, असे अलीकडे सुचवले गेले आहे; तसे असेल, तर २०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतील इबोला साथीत आठशेहून अधिक आरोग्यसेवकांना लागण होऊन पाचशेहून अधिक मृत्युमुखी पडले, ते लक्षात घ्यावे लागते. डायोनिसियसही आपले उत्तम वडील आणि डीकन सेवा करता करता गेले असे लिहितो. म्हणून १० टक्क्यांचा आकडा मला फार उदार वाटतो. फरक वीस टक्क्यांचा नसून पाच-सात टक्क्यांचाही असू शकेल. पण वर्षाला तीन-चार टक्क्यांनी वाढणाऱ्या समाजासाठी तोही थोडा नाही.

विरोधकांनाही हे दिसत होते. इ.स. ३६२ च्या सुमारास जुन्या देवांची उपासना परत आणू पाहणाऱ्या सम्राट ज्युलियनच्या नावे गलेशियाच्या मुख्य पुरोहिताला लिहिलेले एक पत्र आहे. त्याच्या अस्सलपणाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, पण मजकूर बोलका आहे. गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे सांगून तो प्रत्येक शहरात धर्मशाळा उभारायला आणि त्यासाठी धान्य व द्राक्षारस पुरवायला फर्मावतो. त्यानंतर दहाएक वर्षांतच कॅपडोशियातील सिझेरिया शहराबाहेर बिशप बेसिलने दुष्काळाच्या अनुभवातून एक वसाहत उभी केली, जिथे प्रवाशांसाठी निवारा होता, वैद्य आणि परिचारक होते, आणि गावाबाहेर हाकललेल्या कुष्ठरोग्यांना राहायला जागा होती. ३९० च्या सुमारास फॅबिओला या श्रीमंत रोमन स्त्रीने रोममध्ये रुग्णालय काढले. इतरांना बघवत नसत अशा जखमा ती आपल्या हातांनी धूत असे आणि रुग्णांना स्वतः भरवत असे, असे तिच्या समकालीन ख्रिस्ती विद्वान जेरोमने तिच्याविषयी लिहून ठेवले आहे.