लाइट निमित्त, दुखणं विंडोज ९८ चं

सोलापुरात चादर-टॉवेलच्या पेढ्यांवर आणि लग्नपत्रिकांच्या छापखान्यांत कॉम्प्युटर रुळला तो विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात. ‘हँग झाला’, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ ही भाषाही तेव्हाचीच. दोष मात्र व्हायरसवर, असेंबल केलेल्या मशीनवर, लाइटवर, नाहीतर ऑपरेटरवर जायचा. ऑपरेटर मंडळींनी तेव्हा खाल्लेली बोलणी बरीचशी नाहक होती.

खोट रचनेतच होती. २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ ला डॉसचे (विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीचे) आणि विंडोज ३.१ चे जुने प्रोग्रॅमही चालवायचे होते. त्यापायी मेमरीचे काही भाग सगळ्या प्रोग्रॅमना खुले राहिले. एकाने तिथे भलतंच काही लिहिलं की अख्खं मशीन आडवं. खिडक्या-बटणांचा हिशेब ठेवणारी काही जागाही जुन्या ६४ केबीच्या मर्यादेत अडकलेली होती. रॅम कितीही टाका, ती वाढत नसे. ९८ ने हाच पाया पुढे चालवला. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना स्कॅनर जोडला आणि विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन आली. तिथे ना लोडशेडिंग होतं, ना असेंबल्ड मशीन.

आपल्याकडे त्यात लोडशेडिंगची भर. ९५-९८ डिस्कवर फाइली ज्या फॅट पद्धतीने मांडायचे, तिच्यात अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही नसते. लाइट आली की आधी डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क चालायचं, पट्टी इंचाइंचाने सरकायची आणि पत्रिकेच्या फाइलऐवजी सी ड्राइव्हमध्ये ‘फाइल ०००० डॉट सीएचके’ असा तुकडा हाती लागायचा. त्यातून मजकूर परत जुळवणं जवळपास अशक्य. दर ओळीनंतर कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह करायची सवय लागली ती यातूनच.

उपाय नव्हता असं नाही. १९९३ पासूनच्या विंडोज एनटीत प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखलेली होती आणि तिची फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस, डिस्कवरचे बदल आधी नोंदवून ठेवायची. पण एनटी मोठ्या ऑफिसांसाठी होती. घरादुकानांपर्यंत हा पाया पोचला तो २५ ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीमुळे. तिला किमान ६४ एमबी आणि नीट चालायला १२८ एमबी रॅम लागे, आणि ३२ एमबीची चालती मशीनं कोण बदलणार? शिवाय जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (ते चालायला कॉम्प्युटरला जोडावी लागणारी किल्ली) नव्या विंडोजवर चालेल याची खात्री नसे. ११ जुलै २००६ ला मायक्रोसॉफ्टने ९८ ची देखभाल थांबवली, तेव्हाही ते कित्येक टेबलांवर चालूच होतं.