छापा, काटा आणि कॉपी

"नावं काढून टाकलीत, आता कसली भीती?" सर्वेक्षणवाल्यांचं हे ठरलेलं उत्तर. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी अशाच नावं गाळून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरना केंब्रिजची मतदारयादी घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि थेट गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद काढून दाखवली. (फुकट कुंडलीसाठी जन्मतारीख बिनदिक्कत भरणाऱ्यांनी हे वाचावं. ग्रह बोलोत न बोलोत, ती तारीख फार बोलते.)

यावरचा मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे उत्तरातच थोडं खोटं कालवणं. मूळ कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांची, १९६५ ची. तिचं नाण्याचं रूप बघा.

कॉलेजातल्या १००० मुलांना विचारायचंय, "परीक्षेत कॉपी केलीस का?" प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं सांगायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं आणि छाप्याला "हो", काट्याला "नाही" म्हणायचं, मग खरं काहीही असो. समजा ३४० "हो" आले. नुसत्या नाण्याने म्हणवलेले "हो" साधारण २५० असणार. उरले ९०, आणि ते खरं बोललेल्या सुमारे ५०० जणांतले. म्हणजे कॉपी करणारे १८ टक्के! पण "हो" म्हणणाऱ्या एकालाही सर पकडू शकत नाहीत. "नाण्याने म्हणवलं, सर."

फुकट मात्र काही मिळत नाही. सगळे थेट खरं बोलले असते तर प्रमाणित त्रुटी (म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे सरकू शकतो ते) १.२ टक्क्यांची असती, इथे ती ३ होते.

आता जरा गणित. कॉपीवाल्याची "हो" म्हणण्याची संभाव्यता ३/४, न करणाऱ्याची १/४. गुणोत्तर ३. सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या 'डिफरन्शियल प्रायव्हसी'त, म्हणजे गुप्तता आकड्यात मोजण्याच्या पद्धतीत, याच गुणोत्तराच्या लॉगरिदमला एप्सिलॉन नावाच्या एका आकड्याची मर्यादा घालतात. इथे तो सुमारे १.१. एप्सिलॉन जितका लहान, तितकी गुप्तता जास्त आणि आकडे तितके धूसर. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली, तेव्हा छोट्या गावांच्या आकड्यांवरून वाद झाले ते यामुळेच.

आणि एक पळवाट राहतेच. त्याच मुलाला तोच प्रश्न वीसदा विचारा. कॉपी केली असेल तर पंधराच्या आसपास "हो" येतील, नसेल तर पाचच्या. म्हणून एकाला किती वेळा विचारायचं, याचं बजेट आधीच ठरवावं लागतं.