लीडसिक्थिस ब्लू व्हेलएवढा होता का?

"डायनासोरच्या काळात ब्लू व्हेलएवढा मासा होता" असं फॉरवर्ड फिरत असतं ना, तो मासा म्हणजे लीडसिक्थिस, आणि तो खरंच होता, सुमारे 16.5 कोटी वर्षांपूर्वी, फक्त आकडा फुगलाय. झालं असं की पाठीच्या कण्याचं नीट हाड बनलेलंच नव्हतं, म्हणून कणा जीवाश्मात टिकला नाही, मग सुट्या तुकड्यांवरून अंदाज बांधले आणि ते 27 मीटरपर्यंत गेले. नंतर हाडांतल्या वाढीच्या रेघा मोजल्या (झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तशा), तर 38 वर्षांच्या माशाची लांबी साधारण 16.5 मीटर निघाली. तीही काही कमी नाही हां! असा आकडा दिसला की बघायचं, अख्खा सांगाडा सापडलाय की तुकड्यांवरून हिशोब केलाय. आणि हो, तो शिकारीबिकारी नव्हता, कल्ल्यांनी पाणी गाळून प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खायचा.