मुंबईत बेकायदा बांधकामाची तक्रार: नोटिशीवरचं कलम आधी वाचा

गच्चीवर खोली चढली किंवा दुकानदाराने मोकळ्या जागेत भिंत सरकवली, तर तक्रार महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या इमारत व कारखाने विभागाकडे जाते. १९१६ वर फोन करता येतो. पण ‘आरईटीएमएस’ या पालिकेच्या अतिक्रमण-तक्रारींच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवलेली बरी, कारण क्रमांक मिळतो आणि तक्रार कुठवर आली ते पाहता येतं.

तक्रार कोणीही करू शकतो. सोबत फोटो, नेमका पत्ता आणि जमल्यास सीटीएस नंबर (जागेचा नगर भूमापन क्रमांक) द्या. मंजूर नकाशा हाती असेल तर काम अर्धं झालं. तो माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतो. आणि हो, शेजारच्यांनी फरशी बदलली किंवा रंग दिला म्हणून धावू नका. असल्या किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागतच नाही.

तक्रारीत तथ्य दिसलं तर पालिका बांधकाम करणाऱ्याला मुंबई महापालिका कायद्याखाली नोटीस देते. काम चालू असेल तर कलम ३५४अ: काम थांबवा आणि २४ तासांत परवानगी दाखवा. काम उरकलेलं असेल तर कलम ३५१: बांधकाम का पाडू नये याचं लेखी कारण द्या; कायद्यातली मुदत सात दिवसांची. उत्तर पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे या कामासाठी नेमलेला पालिकेचा अधिकारी, तपासतो. खरी लढाई इथेच, आणि ती कागदांची. नोटीस आलेल्याने मंजूर नकाशा, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), जुनी करपावती, वीजबिल, जे असेल ते जोडावं. जुन्या बांधकामांना तारखेचा आधार असतो: निवासी असेल तर १७ एप्रिल १९६४, अनिवासी असेल तर १ एप्रिल १९६२. त्याआधीपासून बांधकाम उभं होतं हे सिद्ध करावं लागतं. ‘आजोबांच्या काळातलं आहे’ एवढ्यावर भागत नाही.

‘आम्ही मालमत्ता कर भरतो’ हे उत्तर तर हमखास येतं. कर भरल्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार कायद्यातली मुदत कमी असली तरी पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी आणि सकारण आदेश हवा. आदेशानंतरही १५ दिवस थांबायचं आणि पाडताना चित्रीकरण करायचं. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी अशा ठिकाणच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही.

तक्रारदाराला दिरंगाई वाटली, तर पुन्हा तीच तक्रार टाकू नका. जुन्या क्रमांकावर माहिती अधिकारात पाहणी अहवाल, नोटिशीची प्रत आणि अंतिम आदेश मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.