गव्हर्नरचा हुकूम आणि दुपारचं ऊन

माझ्या गच्चीवर, पावसापासून जपण्यासाठी घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, ठेवलाय. दर मिनिटाला आभाळाचा एक फोटो काढायचा आणि रोज दुपारी तीनला मागच्या चोवीस तासांचे फोटो जोडून व्हिडिओ करायचा, एवढंच त्याचं काम. डिसेंबरात हा व्हिडिओ वीस मिनिटांत व्हायचा. एप्रिलात त्यालाच पाऊण तास लागायला लागला. प्रोग्रॅम तोच, फोटो तेवढेच. मग बहुतेक जण करतात तेच मी केलं: 'परफॉर्मन्स' गव्हर्नर लावला. पाऊण तास काही कमी झाला नाही. उलट काम नसतानाही बोर्ड आधीपेक्षा दोन-चार अंश गरम राहू लागला.

हा गव्हर्नर राजभवनातला नव्हे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवून वेग ताब्यात ठेवला, त्या यंत्राच्या कुळातला. पाय ज्यावर चालतो त्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोसेसर कुठल्या वेगाने चालवायचा हे ठरवणाऱ्या नियमाला गव्हर्नर म्हणतात.

वेग सतत बदलायचा कशाला? चिपमधली स्विचं चालूबंद होताना जी वीज खर्च होते ती वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. खरी मेख या वर्गात आहे. जास्त वेगाला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दोन्ही एकदम वाढतात. समजा वेग निम्मा केला आणि त्यामुळे १.२ व्होल्टऐवजी ०.९ व्होल्टवर भागलं, तर हा खर्च निम्म्यावर नाही, जवळजवळ २८ टक्क्यांवर येतो. वाचलेली वीज म्हणजेच न झालेली उष्णता.

पाय ४ बाजारात आला तेव्हा त्याचा कमाल वेग १.५ गिगाहर्ट्झ होता आणि किमान ६०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसरच्या चारही कोअरचं, म्हणजे आतल्या चार काम करणाऱ्या भागांचं, घड्याळ एकच, त्यामुळे एकाला पळवायचं तर चौघांना पळवावं लागतं. लिनक्सच्या 'सिस' फोल्डराखालच्या सीपीयू फ्रीक्वेन्सीच्या फोल्डरात डोकावलं की सगळा कारभार साध्या फाइलींच्या रूपात दिसतो. एकीत गव्हर्नरचं नाव, एकीत सध्याचा वेग, एकीत कमाल मर्यादा. आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात, म्हणून १५००००० वाचून दचकायचं कारण नाही. फाइलीत नाव लिहिलं की गव्हर्नर बदलला. मात्र या फाइली डिस्कवर नसतातच. बोर्ड पुन्हा सुरू केला की लिहिलेलं गेलं. कायमचा गव्हर्नर हवा असेल तर ५.९ पासूनच्या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तो बूटच्या (सुरू होतानाच्या) आज्ञेच्या ओळीतच सांगता येतो.

'परफॉर्मन्स' कमाल वेगाला चिकटून राहतो, 'पॉवरसेव्ह' किमान वेगाला. या दुसऱ्याच्या नावाला भुलू नये. काम रेंगाळत राहिलं तर बोर्ड तेवढा जास्त वेळ जागा राहतो आणि बचत हातची जाऊ शकते. 'ऑनडिमांड' थोड्या थोड्या वेळाने प्रोसेसर किती गुंतलाय ते बघतो आणि ठरलेल्या रेषेपुढे काम गेलं की थेट कमाल वेगावर उडी मारतो. 'कन्झर्व्हेटिव्ह' तेच पायरीपायरीने करतो. २०१६ मध्ये कर्नेल ४.७ बरोबर आलेला 'शेडयुटिल' मला सगळ्यांत शहाणा वाटतो. कामं वाटून देणाऱ्या शेड्युलरलाच तो विचारतो आणि लागेल त्याच्या सव्वापट वेग मागतो, म्हणजे अचानक काम वाढलं तरी थोडी फट हाताशी असते.

पण हे सगळे फक्त मागतात. पायवर शेवटचा शब्द फर्मवेअरचा, म्हणजे लिनक्सच्याही खाली बोर्डाचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रॅमचा. चिप ८० अंश सेल्सिअसच्या घरात गेली की फर्मवेअर वेग खाली ओढायला लागतं, मग गव्हर्नर कुठलाही असो. म्हणून कर्नेलच्या फाइलीत १.५ गिगाहर्ट्झ दिसत असताना प्रत्यक्षात प्रोसेसर बराच हळू चालत असू शकतो. खरा वेग 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेने फर्मवेअरलाच विचारावा लागतो.

याच आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' म्हणून विचारलं तेव्हा माझ्या बोर्डाने ०एक्स५०००५ असं उत्तर दिलं. शेवटच्या पाचात दोन तक्रारी आहेत: आत्ता व्होल्टेज कमी पडतंय, आणि आत्ता वेग कापलाय. सुरुवातीच्या पाचाचा अर्थ, सुरू झाल्यापासून हे दोन्ही कधीतरी घडून गेलंय. म्हणजे मी दोष देत होतो उन्हाला, पण त्याला एक जोडीदारही होता. बोर्ड एका जुन्या मोबाइल चार्जरवर लांबलचक, बारीक केबलने चालत होता. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की पाय ती नोंद करतो आणि वेग आवरता घेतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो, हे मला माहीत होतं. तरी कंटाळा केला.

अ‍ॅडॉप्टर बदलला. चिपवर उष्णता बाहेर टाकणारा अ‍ॅल्युमिनिअमचा हीटसिंक चिकटवला आणि डब्याच्या तळाला भोकं पाडली. खालून पाऊस येत नाही. गव्हर्नर परत 'ऑनडिमांड' केला, आणि बूटच्या कॉन्फिग फाइलीत कमाल वेग मुद्दाम १२०० मेगाहर्ट्झवर बांधला. त्या वेगाला एप्रिलच्या दुपारीही पारा ८० च्या खालीच राहतो आणि फर्मवेअरला मध्ये पडावं लागत नाही. व्हिडिओ आता पंचवीस मिनिटांत होतो.