दिवस गेल्याचे कळण्याआधीची गोळी

गर्भधारणेची खात्री झाली की डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांनी लिहून दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायची, हा क्रम इतका रूढ झाला आहे की त्यात काही चुकत असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. मात्र मेंदूच्या आणि मेरुरज्जूच्या ज्या जन्मजात व्यंगांना आळा घालण्यासाठी ही गोळी सुचवली जाते, ती व्यंगे निर्माण होण्याची वेळ तोवर बहुधा उलटून गेलेली असते.

गर्भधारणेनंतर साधारण १८व्या दिवशी गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक जाडसर पट्टी दिसू लागते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळून त्यांची नळी होते. हीच मज्जानलिका, पुढे तिच्यापासूनच मेंदू आणि मेरुरज्जू घडतात. ही जुळणी २२व्या दिवसाच्या सुमारास मानेच्या भागात सुरू होऊन दोन्ही दिशांना सरकत जाते. डोक्याकडचे टोक २५व्या दिवसाच्या आसपास बंद होते आणि खालचे टोक २८व्या दिवसापर्यंत. आता पाळीचा हिशेब पाहू. पाळी दर २८ दिवसांनी नियमित येत असली, तरी ती चुकल्याचे लक्षात येते तेव्हा गर्भ सुमारे १४ दिवसांचा झालेला असतो, म्हणजे हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांच्या भाषेतले सहा आठवडे पूर्ण होतात तेव्हा नलिका बंद होण्याचे काम संपलेले असते. त्यानंतर घेतलेले फॉलिक ॲसिड आईच्या रक्तवाढीसाठी उपयोगी पडते, पण उघडी राहिलेली नलिका त्याने मिटत नाही.

वरचे टोक उघडे राहिले, तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटीचा वरचा भाग तयारच होत नाही. अशी बाळे मृत जन्मतात किंवा जन्मानंतर लवकरच दगावतात. खालच्या भागात जुळणी अपुरी राहिली, तर तिला स्पायना बायफिडा म्हणतात. त्याच्या गंभीर प्रकारात मेरुरज्जू पाठीवर उघडा पडतो, पायांतली ताकद कमी होते, लघवी आणि शौचावर ताबा राहत नाही, आणि अनेकदा मेंदूत पाणी साचते.

पेशी विभागताना डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते, आणि तिच्या घटकांच्या निर्मितीत फोलेट हे जीवनसत्त्व लागते; फॉलिक ॲसिड हे त्याचेच कृत्रिम रूप. ज्या टप्प्यावर पेशी विलक्षण वेगाने वाढत असतात, तिथे त्याची चणचण भोवणार हे उघड आहे. तरीही अशी बाळे झालेल्या बहुतेक मातांच्या रक्तातले फोलेट रूढ मोजमापाने कमी नसते, म्हणून ‘आहार उत्तम आहे, मग गोळी कशाला’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. अन्नातले फोलेट शिजवताना बरेचसे नष्ट होते आणि उरलेल्यातलेही अपुरेच शोषले जाते. कृत्रिम फॉलिक ॲसिड मात्र टिकाऊ असते आणि अधिक चांगले शोषले जाते. एरवी गोळ्यांपेक्षा चौरस आहाराची बाजू घेणाऱ्यानेही इथे गोळीला कौल द्यावा, असे मला वाटते.

या बाबतीतला निर्णायक पुरावा १९९१मध्ये आला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांवर, आधीच्या गरोदरपणात असे व्यंग आढळलेल्या १,८१७ स्त्रियांवर चाचणी केली. त्यांचे चार गट केले होते: काहींना फक्त फॉलिक ॲसिड, काहींना इतर जीवनसत्त्वे, काहींना दोन्ही आणि काहींना यांपैकी काहीच नाही. फॉलिक ॲसिड मिळालेल्या गटांत ६ बाळांना व्यंग आढळले, न मिळालेल्या गटांत २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. इतर जीवनसत्त्वांचा मात्र उपयोग दिसला नाही. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली. त्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले होते. असे व्यंग आधी कधीच न झालेल्या स्त्रियांसाठी ४०० मायक्रोग्रॅम पुरतात, हे चीनमधील मोठ्या मोहिमेतून १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवले.

म्हणून गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. तांबड्या पेशींतले फोलेट हळूहळू वाढते, त्यामुळे दोन-तीन महिने आधी सुरुवात केलेली अधिक बरी. आधीचे बाळ असे झाले असेल, मधुमेह असेल किंवा अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएटसारखे औषध सुरू असेल, तर मोठ्या मात्रेचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो. ती मात्रा गाठण्यासाठी मल्टिव्हिटॅमिनच्या अनेक गोळ्या एकदम घेणे धोक्याचे आहे, कारण त्यांतून पोटात जाणारे जास्तीचे ‘अ’ जीवनसत्त्व स्वतःच गर्भाला अपायकारक ठरू शकते.

ज्या गर्भधारणा ठरवून होत नाहीत, त्यांचे काय? यावर काही देशांनी पिठातच फॉलिक ॲसिड मिसळण्याचा मार्ग काढला. अमेरिकेत १९९८पासून दर १०० ग्रॅम पिठात १४० मायक्रोग्रॅम घालणे सक्तीचे आहे आणि त्यानंतर तिथे या व्यंगांचे प्रमाण घटले. ज्या ब्रिटनने पुरावा दिला, त्याने मात्र अशा सक्तीचा निर्णय जाहीर करायला २०२१ साल उजाडवले. जास्त फॉलिक ॲसिडने ब-१२च्या अभावातला पंडुरोग सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते आणि निदान लांबते, ही भीती त्यामागचे एक कारण होती. याच भीतीने पिठातले प्रमाण जाणूनबुजून बेताचे ठेवले जाते, आणि म्हणूनच जिथे पीठ असे समृद्ध केलेले आहे, तिथेही मूल हवे असलेल्या स्त्रीला गोळी वेगळी घ्यावीच लागते.